चार आठवड्यांची रजा

नकाशा टेबलावर मावेना, म्हणून तिनं तो जमिनीवर पसरला. कडा गुंडाळून वर येत होत्या. मग एका कोपऱ्यावर कॅपो, दुसऱ्यावर ट्यूनर, तिसऱ्यावर माझं चष्म्याचं घर आणि चौथ्यावर स्वतःचा पाय ठेवून भाची म्हणाली, "हं, आता बघ मामा."

बघितलं. लाल पेन्सिलीची एक रेघ वळणं घेत, मधेच मागे येत, एका ठिकाणी तर स्वतःलाच ओलांडून पुढे गेली होती. रेघेवर जागोजागी तारखा, काही तारखांभोवती गोल. गोल म्हणजे कार्यक्रम. साधी तारीख म्हणजे मुक्काम. आणि प्रश्नचिन्ह असेल तिथे म्हणे 'बघू'. प्रश्नचिन्हं बरीच होती.

मोबाइलमध्ये सगळं जग असताना हा कागद कशाला, असं विचारणार होतो, पण राहिलो. जमिनीवर मांडलेली गोष्ट खरी वाटते. मोबाइलमधली नुसती होण्यासारखी वाटते. आपला बेत घरच्यांनी खरा मानावा म्हणून तिनं तो इतका मोठा केला होता.

तिला अठरा पूर्ण झाली आहेत. गिटार वाजवते, गाणी स्वतः लिहिते, त्यातली चारपाच खरोखर चांगली आहेत. (मी मामा आहे म्हणून सांगत नाही. मामा आहे म्हणून बाकीच्यांबद्दल गप्प बसतो.) कॉलेजचा प्रवेश पक्का झालेला. आणि तिला कॉलेजला जायचं नाहीये. काहोन (हातांनी वाजवायचं पेटीसारखं तालवाद्य) वाजवणारी एक मैत्रीण, तिच्या काकांची जुनी गाडी आणि साडेतीन महिन्यांत अडतीस ठिकाणं, असा बेत आहे. त्यानंतर काय, याला उत्तर 'त्यानंतरचं त्यानंतर'.

आदल्या रात्री ताईचा फोन आला होता. "तुझं ऐकते ती. समजाव जरा."

आमच्या घरात असली कामं माझ्याकडे येतात, कारण मी 'हातात कला असून सोडलेला' माणूस आहे. असा माणूस दोन्ही बाजूंना उपयोगी पडतो. मोठ्यांना वाटतं, बघा, सोडूनही छान चाललंय याचं. मुलांना वाटतं, बघा, सोडलं की माणसाचं हे असं होतं. मी बापडा दोन्हीकडे उदाहरण म्हणून उभा.

तर त्या उदाहरणाची हकिगत थोडक्यात सांगतो. मी व्हायोलिन वाजवायचो. एकोणिसाव्या वर्षी एका फिरत्या संचाबरोबर साथीला जायचं बोलावणं आलं होतं, पाच महिन्यांसाठी. मी गेलो नाही. परीक्षेचा फॉर्म भरून झाला होता. एवढंच कारण. वडिलांनी अडवलं नाही, आईनं डोळ्यांत पाणी आणलं नाही, कोणी दार लावून घेतलं नाही. फॉर्म भरलेला होता आणि भरलेला फॉर्म वाया घालवणं माझ्या स्वभावात नव्हतं. गेलो असतो तर आज कुठल्या कुठे असतो, असं मी कुणाला सांगत नाही. माझा हात तेवढा नव्हता. पण मला ते तेव्हा माहीत नव्हतं, आणि माहीत नसताना मी गेलो नाही, हे मात्र खरं. दुःख म्हणावं असं ते नाही. बुटात एखादा खडा असतो, रोज टोचत नाही, पण काढायला गेलं की सापडतही नाही, तसं काहीसं.

म्हणून तिच्यासमोर बसलो तेव्हा 'नको जाऊ' म्हणायची माझी लायकी नव्हती आणि 'जा' म्हणायची हिंमत नव्हती. अशा वेळी माणूस तपशिलात शिरतो. मी विचारलं, "गाडीत गिटार कुठे ठेवणार?"

"मागच्या सीटवर."

"आणि तुम्ही खायला उतरलात की?"

"गाडीतच. लॉक करून."

इथे मी तिला माझ्या व्हायोलिनची गोष्ट सांगितली. वाजवणं सुटल्यानंतरची आहे ती. मित्राकडे बऱ्याच वर्षांनी वाजवायचं ठरलं होतं. वाटेत एक काम होतं, म्हणून भर दुपारी पेटी गाडीत ठेवून गेलो. दहा मिनिटांचं काम दीड तास चाललं. परत येऊन मित्राच्या घरी पेटी उघडली तर वाद्याची पाठ एका बाजूनं बरगडीपासून, म्हणजे कडेच्या पट्टीपासून, सुटलेली. पोस्टाच्या पाकिटाची कड ओलाव्यानं सुटावी तशी. उन्हात उभ्या बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी तरी चढते, आणि काळ्या पेटीच्या पोटात काय होत असेल ते पेटीलाच ठाऊक. मला वाटलं, संपलं. वाद्य दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडे गेलो तर ते घाबरेनात. म्हणाले, "बरं झालं सरस सुटला. लाकूड फुटलं असतं तर रडायची वेळ होती." व्हायोलिन जोडतात तो सरस मुद्दामच लाकडापेक्षा कच्चा ठेवलेला असतो म्हणे. ताण आला की जोड सुटावा, फळी तडकू नये. सुटलेला जोड पुन्हा सांधता येतो.

त्यांनी तो सांधला. मी वाद्य घरी आणून पुन्हा कपाटात ठेवलं, हा भाग मी भाचीला सांगितला नाही.

गिटारचं आणखी अवघड. तिला सहा पोलादी तारांचा मिळून ७० किलोच्या आसपास ताण असतो. चोवीस तास, झोपेतही. आताचे गोंद वेगळे, पण उष्णतेत तेही मऊ पडतात आणि मग ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, हळूहळू वर उचलायला लागतो. लाकडाला हवेत ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली गेलं की ते आक्रसतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बोटांना लागायला लागतात. साडेतीन महिन्यांच्या रस्त्यात कोरडी हवा, दमट हवा, थंडी, ऊन सगळं येणार. म्हणून पेटीत आर्द्रता मोजायचा छोटा काटा ठेवायचा, गाडी उभी राहिली की गिटार माणसाबरोबर उतरणार, आणि लांबच्या पल्ल्याला तारा थोड्या सैल. तिनं हे सगळं लिहून घेतलं. लिहून घेतेय म्हटल्यावर मला चेव आला.

"गाडीत गाणार का?"

"गाणारच! त्यासाठीच तर जातोय."

"खिडक्या उघड्या ठेवून?"

ती हसली, पण मी गंमत करत नव्हतो. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. स्वतःला ऐकू यावं म्हणून. एत्येन लोंबार नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये ही गोष्ट मांडली, आणि आजही ती त्यांच्याच नावानं ओळखली जाते. इंजिन, वारा, टायर यांच्यावर मात करत सहा तास गायलं की आपण ओरडत होतो हे गाडी थांबल्यावर कळतं. संध्याकाळी कार्यक्रम. मग तिथे जो आवाज लागतो तो उरलासुरला. फिरत्या गायकाचा घसा मंचावर बसतो असं लोकांना वाटतं. मला वाटतं तो दुपारी, गप्पांत आणि गाडीतल्या गाण्यांत बसतो. तेव्हा चालत्या गाडीत मौन. फार तर ताल. काहोनवालीनं मांडीवर वाजवावं, पण गाडी चालवत नसेल तर.

इथवर छान चाललं होतं. वाद्य, घसा, गाडीचं सुटं चाक, रात्रीचं गाडी चालवणं नको, दोघींनाही ब्रेक-क्लचची भाषा कळते का, असे प्रश्न विचारून मी वडीलधारेपणाही मिळवला आणि तिच्या बाजूचाही राहिलो. पण तपशील संपले आणि मूळ प्रश्न जमिनीवर तसाच पसरलेला राहिला.

मग तिनं तिचे वकील उभे केले. पहिले अर्थातच पंडित भीमसेन जोशी. घरातून पळून जाऊ पाहणारं कुठलंही गाणारं मूल त्यांनाच आधी बोलावतं. अकरा वर्षांचा मुलगा, अब्दुल करीम खाँसाहेबांची रेकॉर्ड कानावर पडते, आपल्याला असंच गायचंय असं त्याच्या मनात भरतं, आणि १९३३ मध्ये तो घर सोडतो. खिशात काही नाही. आगगाडीत लोकांना गाणं ऐकवत, विनातिकीट, ग्वाल्हेर, कलकत्ता, दिल्ली, रामपूर... "बघ," ती म्हणाली, "कॉलेज सोड, तिथे शाळासुद्धा नव्हती."

गोष्ट खरीच आहे. पण ती अर्ध्यावर तोडून सांगायची आपल्याकडे रीत पडली आहे. तो मुलगा गावोगाव गायला निघाला नव्हता. गाणं हे त्याचं तिकीट होतं. निघाला होता तो गुरू शोधायला. भटकत भटकत जालंधरला पोचला, आणि तिथे विनायकबुवा पटवर्धनांनी त्याला सांगितलं की इतक्या लांब कशाला आलास, तुझ्या घराजवळ सवाई गंधर्व आहेत, त्यांच्याकडे जा. पुढे १९३६ मध्ये सवाई गंधर्वांकडे कुंदगोळला तालीम सुरू झाली. म्हणजे अख्खा उत्तर हिंदुस्थान पालथा घातल्यावर मिळालेला पत्ता घराजवळचा निघाला. आता यावर कुणी म्हणेल, मग गेला कशाला? मला उलट वाटतं. घरात बसून तो पत्ता त्याला मिळाला नसता. मिळाला असता तरी पटला नसता.

तिचे दुसरे वकील पलुस्कर. विष्णु दिगंबर पलुस्कर १८९६ मध्ये मिरजेहून, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांची तालीम घेऊन, बाहेर पडले आणि गावं, संस्थानं, तीर्थं हिंडत राहिले. हा माझा आवडता साक्षीदार, कारण तो उलटतो. या हिंडण्याचा शेवट कशात झाला? ५ मे १९०१ रोजी लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. पाच वर्षं रस्त्यावर काढलेल्या माणसानं रस्ता संपल्यावर काय उभारलं, तर कॉलेज! वर्ग, वेळापत्रक, परीक्षा सगळं. संगीत कुणा एकाच्या मर्जीवर न राहता चारचौघांना रीतसर शिकता यावं, ही निकड फिरल्याशिवाय इतकी टोचली नसती, असं मला वाटतं. भाचीनं हा मुद्दा फारसा मनावर घेतला नाही.

तिसरा मात्र तिचा साक्षीदार मलाही आवडला. ॲलन लोमॅक्स, अमेरिकेतली लोकगीतं गोळा करणारा. १९३३, म्हणजे भीमसेनजींनी घर सोडलं तेच साल, पण पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. अठरा वर्षांचा टेक्सासमधला विद्यार्थी, वडिलांबरोबर फोर्ड गाडीतून निघाला, आणि गाडीत त्यांच्या बरोबर ३१५ पौंडांचं, म्हणजे दीडशे किलोला टेकणारं, ध्वनिमुद्रण यंत्र. शेतं, तुरुंग, मजुरांच्या वस्त्या. लुईझियानातल्या अँगोला तुरुंगात त्यांना एक कैदी भेटला, बारा तारांची गिटार वाजवणारा, लेड बेली. पुढे त्याची गाणी जगभर गेली.

"आणि कॉलेज?" मी विचारलं.

तिला ठाऊक नव्हतं. लोमॅक्सनं १९३६ मध्ये टेक्सास विद्यापीठाची पदवी घेतली. तत्त्वज्ञान विषय घेऊन.

पण मला सांगायचं होतं ते पदवीचं नव्हतं. त्या गाडीतल्या दीडशे किलोंचं होतं. काय वजन होतं ते? ऐकण्याचं यंत्र! तो मुलगा स्वतःला ऐकवायला निघालेला नव्हता, दुसऱ्याला ऐकायला निघाला होता. भीमसेनजीही तेच करायला निघाले होते. आणि मग मी नकाशाकडे पुन्हा बघितलं तेव्हा मघापासून काय खटकत होतं ते कळलं. अडतीस ठिकाणं होती. ती कुठे वाजवणार ते होतं, किती वाजता पोचणार ते होतं, कुठे झोपणार ते निदान प्रश्नचिन्हासकट होतं. कुणाला ऐकणार, ते कुठेच नव्हतं.

'केल्याने देशाटन' ही ओळ आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली. सहलीच्या निबंधाची सुरुवात तिच्यावाचून होत नसे. पण देशाटनाला लागूनच पुढे तिथे 'पंडितमैत्री' येते, ती निबंधात कधी येत नसे.

मी तिला म्हटलं, "तू रोज नव्या जागी गाणार. तीच सहासात गाणी. रोज नवे लोक टाळ्या वाजवणार. वाजवतीलच, तू चांगली गातेस. पण अडतीस ठिकाणी मिळून तुला दुसऱ्यांदा ऐकणारा माणूस एकही नसेल."

"मैत्रीण आहे ना."

"ती तुझ्याबरोबर वाजवतेय. तिला तू ऐकू येत नाहीस."

हे जरा लागलं तिला. लागावं असं मी बोललो होतो का, माहीत नाही. पण ते मी कमावलेलं वाक्य होतं. मी फॉर्म भरला म्हणून ज्या कॉलेजात गेलो तिथे संगीताचा विषय नव्हता, नुसती एक खोली होती. एका कोपऱ्यात मोडकी स्टँडं आणि दर गुरुवारी संध्याकाळी येणारे एक सर. आठदहा जण मिळून वाजवायचो. सरांनी मला तीन वर्षं ऐकलं. शंभरएक गुरुवार. तिसऱ्या वर्षी एकदा वाद्यं पेटीत घालताना ते म्हणाले, "वाजवतोस बरा. पण शेजारचा काय वाजवतोय ते तू एकदाही ऐकलेलं नाहीस." दुसऱ्या रांगेतला व्हायोलिनवाला मी, माझं कामच मुळी शेजाऱ्याला ऐकणं. हे त्यांना पहिल्या गुरुवारी कळलं नसतं. कळलं असतं तरी पहिल्या गुरुवारी कुणी असं बोलत नाही. एवढं खरं बोलायला माणसाला तुमचा कंटाळा येण्याइतका सहवास लागतो.

कॉलेजच्या बाजूनं माझ्याकडे एवढाच एक मुद्दा आहे, अभ्यासक्रम, पदवी, 'हाताशी काहीतरी असावं' हे सगळं ताईकडे आहे. तीच तीच माणसं तुम्हाला पुन्हा पुन्हा ऐकतात, तुम्हाला आवडो न आवडो. रस्ता यात कच्चा आहे. रस्त्यावर प्रत्येक रात्र पहिली रात्र असते, आणि पहिल्या रात्री लोक दयाळू असतात.

हे सांगितल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पाय नकाशावरून काढला, तशी ती कड भुर्रकन गुंडाळली गेली. मग म्हणाली, "म्हणजे जाऊ नको."

आणि मला बाख आठवला.

योहान सेबास्टियन बाख या थोर जर्मन संगीतकाराची ही गोष्ट मी पहिल्यांदा त्याच खोलीत, गुरुवारच्या सरांकडून ऐकली होती. १७०५. बाख वीस वर्षांचा. आर्नश्टाट नावाच्या लहानशा गावात चर्चचा ऑर्गनवादक. नोकरी बरी, काम थोडं. त्याला उत्तरेकडच्या ल्यूबेक शहरातल्या दीत्रिख बुक्स्टेहूडना ऐकायचं होतं. साठी उलटून गेलेले, त्या वेळचे नाणावलेले वादक आणि रचनाकार. बाखनं चार आठवड्यांची रजा मागितली. आपल्या जागी वाजवायला माणूस नेमून दिला. आणि ऑक्टोबरात निघाला, ४०० किलोमीटरच्या वर, पायी.

चार आठवडे संपले. बाख परतला नाही. दोन महिने झाले, तीन झाले. १७०६ चा फेब्रुवारी उजाडला तेव्हा साहेब हजर! चौकशी बसली. कुठे होतास? त्याचं उत्तर दप्तरात नोंदलेलं आहे: आपल्या कलेतलं काही काही समजून घ्यायला ल्यूबेकला गेलो होतो. रजा चार आठवड्यांची होती आणि तू चौपट राहिलास, त्याचं काय? तर म्हणे, बदली माणूस वाजवत होता ना, तक्रार येणार नाही असं वाटलं. तक्रार आली होती ती भलतीच. परतल्यापासून हा प्रार्थनेच्या साध्या चालींत असले विचित्र स्वर घुसवतो की गाणारे लोक गोंधळून जातात!

ही शेवटची तक्रार वाचताना मला दर वेळी हसू येतं. चार महिन्यांत काय शिकून आला याचं याहून चांगलं प्रमाणपत्र कुठलं कॉलेज देणार होतं?

आणि चार आठवड्यांत परतला असता तर? ल्यूबेकच्या चर्चमध्ये नाताळाआधीच्या रविवारी संध्याकाळी बुक्स्टेहूड संगीताचे कार्यक्रम करत. त्या वर्षी २ आणि ३ डिसेंबरला, सम्राट लिओपोल्डच्या निधनानिमित्त आणि नव्या सम्राटाच्या स्वागतासाठी, दोन खास मोठे कार्यक्रम झाले. रजा पाळणारा माणूस तेव्हा आर्नश्टाटला आपल्या बाकावर बसून नेहमीच्या चाली वाजवत असता. बुक्स्टेहूड १७०७ मध्ये गेले. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणायला पुढची खेप फारशी उरलेली नव्हती.

(त्यांच्या दाराशी जाणं तसं धोक्याचंही होतं. जो त्यांची जागा घेईल त्यानं त्यांच्या मुलीशी लग्न करायचं, असा तिथे शिरस्ता. बाखच्या दोन वर्षं आधी तरुण संगीतकार हँडेल मित्राबरोबर तिथे जाऊन आला होता. दोघांनी वादन ऐकलं, अट ऐकली आणि परतीचा रस्ता धरला.)

बाख स्वतः विद्यापीठात कधी गेला नाही. पण स्वतःच्या मुलांना त्यानं विद्यापीठात घातलं. कार्ल फिलिप इमॅन्युएल तर कायदा शिकला. पलुस्करांचंच दुसरं रूप. रस्त्यानं मोठी झालेली माणसं पुढच्या पिढीसाठी इमारत का शोधतात, कोण जाणे.

गोष्ट संपली तेव्हा भाचीनं एकच प्रश्न विचारला. "एकाच ठिकाणी गेला तो? चार महिने?"

"एकाच."

तिनं लाल रेघेकडे बघितलं. अडतीस थांबे.

त्यानंतरच्या आठवड्यात काय झालं ते मी पाहिलं नाही, तिच्याकडून आणि ताईकडून वेगवेगळं ऐकलं. दोन्ही हकिगती जुळत नाहीत, पण निष्कर्ष तोच आहे. तिनं कॉलेजला पत्र लिहून प्रवेश वर्षभर पुढे ढकलता येईल का, असं विचारलं. येतो म्हणे. ताईला हे ऐकून धक्का बसला. तिला वाटत होतं की पहिल्या दिवशी वर्गात नसाल तर जागा जाते आणि जन्मही जातो. मी तिला सांगितलं की हार्वर्डसारखं विद्यापीठ प्रवेश मिळालेल्या मुलांना वर्षभर थांबून यायला स्वतःहून सुचवतं. यावर ताई म्हणाली, "ते हार्वर्ड आहे." या वाक्याला उत्तर नाही. शिष्यवृत्ती मात्र वर्षभर थांबेल की नाही हे वेगळं विचारावं लागतं, प्रवेश थांबला म्हणजे तीही थांबली असं नाही. ते पत्र आता गेलं आहे.

आणि नकाशा बदलला. काल पुन्हा घेऊन आली. लाल रेघ खोडरबरानं पुसून काढलेली, तिची गुलाबी छाया मागे राहिलेली. आता त्यावर निळ्या शाईत फक्त पाच ठिकाणं. आणि प्रत्येक ठिकाणाखाली गावाच्या नावाऐवजी माणसाचं नाव. एक गिटार बनवणारे वृद्ध कारागीर, ज्यांना तिनं पत्र लिहिलं होतं आणि ज्यांनी 'या, पण झाडूही मारावा लागेल' असं उत्तर पाठवलं. एक बाई, जी दुसऱ्यांच्या गाण्यांत मागून गाते आणि जिचं नाव कुणी वाचत नाही. एक तालवाद्य शिकवणारे, ते काहोनवालीचे. चौथं नाव खोडून पुन्हा लिहिलेलं. पाचव्या जागी नुसती रेघ.

"हे कोण?"

"ते पहिले चार सांगतील," ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. मुलं आपलं म्हणणं आपल्यापेक्षा चांगलं समजतात तेव्हा मधे न बोलणं बरं.

रस्त्यात वाजवणं होईलच, पण ते आता वाटखर्चापुरतं. पहिला टप्पा कारागिरांकडचा. तिथे तिला तिचीच गिटार उघडून आतून बघायची आहे. मी तिला माझं व्हायोलिन दिलं, दुरुस्तीसाठी नाही, नुसतं त्यांना दाखव म्हणून. तो जोड अजून पक्का आहे का ते त्यांनी बघावं. तिनं पेटी उघडली, जोडावरून अंगठा फिरवला, आणि वाद्यावरची धूळ बघून माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

मग ताई आली. तिनं नकाशावरची पाच नावं वाचली, त्यातलं एकही तिच्या ओळखीचं नव्हतं, आणि तरी तिचा चेहरा मागच्या आठवड्यापेक्षा सैल होता. गावं अनोळखी असली की भीती वाटते. माणसांची नावं असली की निदान फोन तरी करता येतो. तिनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, पेनाचं टोपण उघडलं.

"पहिल्या टप्प्याहून परत कधी?"

"चार आठवडे," भाची म्हणाली. अगदी सरळ चेहऱ्यानं.

ताईनं बोटांनी रकाने मोजले, त्या तारखेभोवती शाईनं गोल केला आणि कॅलेंडर पुन्हा खिळ्याला अडकवलं. बाखची गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही.